डिग्रीनंतर पुन्हा केमिस्ट्रीच्या वर्गात: अमेरिकेतला पोस्ट-बॅक आणि त्याचा ताण

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत शिक्षणकर्जाचा कायदा बदलला आणि मेडिकलची तयारी करणाऱ्या मुलांच्या घरी नव्याने आकडेमोड सुरू झाली. तोवर मेडिकलच्या विद्यार्थ्याला राहण्याजेवण्यासकट सगळा खर्च भागेल एवढं सरकारी कर्ज मिळू शकत असे. नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ती योजना बंद केली आणि मर्यादा घातली: वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण २ लाख डॉलर. अनेक खासगी मेडिकल कॉलेजांचा चार वर्षांचा खर्च ३ लाख डॉलरच्या पुढे जातो. वरचे पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. पण ज्यांची डिग्री झाली, काहींची चार-पाच वर्षं नोकरीही झाली, आणि आता डॉक्टर व्हायचं म्हणून जे पुन्हा कॉलेजात जाऊन बसलेत, त्यांच्या आधीच्या काळज्यांत ही आणखी एक भर पडली.

असा एखादा भाचा किंवा पुतणी आता बऱ्याच मराठी घरांत असते. ती न्यू जर्सीत किंवा बे एरियात, आजी-आजोबा पुण्याला किंवा नाशिकला. फोनवर तिचा आवाज दमलेला येतो आणि इकडे कोणाला काही उमगत नाही. चार वर्षं शिकून डिग्री घेतली, मग आता पुन्हा पहिल्या वर्षाचं फिजिक्स कशाला? आणि त्याचा एवढा ताण कसला? हा लेख त्या भाचीसाठी आहे आणि तिच्या फोनची वाट बघणाऱ्यांसाठीही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या ताणाला सगळे एकाच नावाने हाक मारतात, पण तो वेगवेगळ्या दिशांनी येतो. काही अभ्यासातून, काही वाट पाहण्यातून, काही माणसांमधून आणि पैशांतून. प्रत्येकाचा इलाज वेगळा. चुकीच्या ठिकाणी चुकीचा इलाज केला की मेहनत वाढते आणि ताण तिथेच राहतो.

## मुळात पोस्ट-बॅक म्हणजे काय?

आपल्याकडे बारावी झाली, 'नीट' दिली, की थेट एमबीबीएस. अमेरिकेत मेडिकल कॉलेज सुरू होतं तेच चार वर्षांच्या डिग्रीनंतर. डिग्री कशातही चालते, इतिहासात, संगीतात किंवा कॉम्प्युटरमध्ये. अट एवढीच की बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स हे विषय प्रयोगशाळेसकट साधारण एकेक वर्ष झालेले हवेत. बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही लागतं, काही ठिकाणी स्टॅटिस्टिक्स आणि इंग्रजी. त्यानंतर 'एमकॅट' ही प्रवेशपरीक्षा, चार वर्षं मेडिकल, आणि मग शाखेनुसार तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण.

ज्यांनी डिग्री घेताना हे विषय केलेच नाहीत, किंवा केले पण मार्क कमी पडले, ते हे विषय डिग्रीनंतर करतात. त्याला पोस्ट-बॅक म्हणतात. यात दोन अगदी वेगळी माणसं एकाच बाकावर बसलेली असतात. एक, पेशा बदलणारा: बँकेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये काम करून आलेला, सायन्स पहिल्यांदाच करणारा. दुसरा, मार्क सुधारायला आलेला: सायन्स केलेलं, पण विशी-बाविशीत काहीतरी बिनसलं आणि ग्रेड घसरल्या. पहिल्याला 'मला जमेल का' ही भीती असते. दुसऱ्याला 'पुन्हा तसंच होईल का' ही.

न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९५५ पासून असा अभ्यासक्रम चालतो. ब्रिन मॉर, गाउचर अशा छोट्या कॉलेजांत पेशा बदलणाऱ्यांसाठी साधारण वर्षभरात सगळं सायन्स उरकणारे अभ्यासक्रम आहेत. अशा ठिकाणी सल्लागार असतो, बरोबरचे सोबती असतात. पण अनेकजण यातलं काहीच न घेता जवळच्या सरकारी विद्यापीठात किंवा कम्युनिटी कॉलेजात एकेक विषय स्वतःच घेतात, बऱ्याचदा नोकरी सांभाळून संध्याकाळी. पैसे वाचतात, पण एकटेपणा वाढतो. आणि कोणत्या विषयानंतर कोणता घ्यायचा, शिफारसपत्रं कोणाकडून घ्यायची, हे सगळं आपलं आपणच शोधावं लागतं.

## ताण येतो तेव्हा शरीरात काय चालतं?

समोर काही अवघड आलं की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही रसायनं सोडतं. छातीत धडधडतं, लक्ष एकवटतं. थोड्या वेळापुरतं हे उपयोगाचंच असतं. अडचण येते ती हे महिनोन्महिने चालू राहिलं तर. झोप तुटते, चिडचिड होते, आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाकडे असतं, त्या हिप्पोकॅम्पसवरच वाढलेल्या कॉर्टिसॉलचा मारा होत राहतो. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त पाठ करायचंय, त्याचंच पाठांतर ढेपाळतं.

१९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले. सोपं काम शिकायचं असेल तर जोराच्या धक्क्यानेही उंदीर शिकत. काम अवघड असेल तर मात्र धक्का मध्यम असतानाच ते सगळ्यात लवकर शिकत, जोराच्या धक्क्याने शिकणं मागे पडे. ऑरगॅनिक केमिस्ट्री हे सोप्या कामांत बसत नाही.

दुसरी कामाची गोष्ट रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये नीट मांडली. ताण फक्त बाहेरच्या संकटातून येत नाही. 'समोरचं मागणं मोठं आणि माझ्याकडचं बळ कमी' असा हिशेब मनात झाला की तो येतो. त्याला तोंड देण्याच्या त्यांनी दोन रीती सांगितल्या: एक, अडचणीवरच काम करणं, दुसरी, त्या अडचणीने मनात जे उसळतं ते सांभाळणं. जिथे आपल्या हातात काही आहे तिथे पहिली रीत चालते, जिथे हातात काही नाही तिथे दुसरी. पोस्ट-बॅकमधली माणसं बहुधा हुशार आणि कष्टाळू असतात. त्यांना पहिली रीत सवयीची असते, म्हणून ती ते सगळीकडे वापरतात, जिथे उपयोग नाही तिथेही.

## अभ्यासाचा ताण: इथे बरंच काही हातात आहे

पहिल्या परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले की मनात येतं, 'मी या लायकीचाच नाही.' बहुतेक वेळा कारण साधं असतं. आधीच्या कॉलेजात जी अभ्यासाची पद्धत चालून गेली ती इथे चालत नाही. पुस्तक तीनदा वाचायचं, पिवळ्या शाईने ओळी रंगवायच्या, नोट्स सुंदर अक्षरात पुन्हा लिहायच्या. यातून विषय ओळखीचा वाटू लागतो, पण पेपरात तो आठवत नाही.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. पोस्ट-बॅकचा सगळा खेळ त्या आठवड्यानंतरचा असतो, कारण जनरल केमिस्ट्रीवर ऑरगॅनिक उभं असतं, ऑरगॅनिकवर बायोकेमिस्ट्री, आणि या सगळ्यांवर एमकॅट. म्हणून रोजच्या अभ्यासातला निम्मा वेळ तरी पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर रिॲक्शन मांडण्यात आणि गणितं सोडवण्यात जायला हवा. सुरुवातीला हे करताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं आणि ताण थोडा वाढतोही. दोन-तीन आठवडे तो सोसावा, कारण अडखळत का होईना, आठवून पाहण्यातूनच शिकणं होत असतं.

झोपेबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचंय. दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. नोकरी करून रात्री अभ्यास करणारे नेमकी हीच गोष्ट कापतात, आणि मग कॉफीवर दिवस ढकलतात. कॉफीतलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही अर्धा शिल्लक असतो. तीन रात्री कमी झोपून जे वाचलं, ते चौथ्या दिवशी पुन्हा वाचावं लागतं.

एमकॅटबद्दलही तेच. ही परीक्षा चार भागांची, २३० प्रश्नांची. प्रत्यक्ष सोडवण्याचा वेळ सव्वासहा तास, आणि मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासांच्या आसपास बसावं लागतं. गुण ४७२ ते ५२८ यांमध्ये मिळतात. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे ५११-५१२ च्या आसपास असते. एवढा वेळ एका जागी लक्ष टिकवण्याची सवय फक्त पूर्ण लांबीचे सराव पेपर देऊनच लागते. फिजिक्सची सेमिस्टर परीक्षा आणि एमकॅट एकाच महिन्यात ठेवायची चूक फार जण करतात. परीक्षेची तारीख निवडणं आपल्या हातात असतं. ताणावरचा सगळ्यात स्वस्त उपाय बऱ्याचदा वेळापत्रकातच सापडतो: एका सेमिस्टरला प्रयोगशाळेचे दोनच विषय, तीन नकोत.

पेपरच्या आधी हातपाय गार पडत असतील तर एक छोटी गोष्ट करून बघण्यासारखी आहे. २०११ मध्ये रामिरेझ आणि बेलॉक यांच्या प्रयोगात, परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं मनातल्या काळज्या कागदावर लिहून काढणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांचे मार्क सुधारले. सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही, पण दहा मिनिटांपलीकडे जाणार काहीच नाही.

## ग्रेड लवकर का वर येत नाहीत?

मार्क सुधारायला आलेल्यांचा सगळ्यात मोठा ताण एका आकड्याभोवती फिरतो, तो म्हणजे जीपीए. सगळ्या विषयांच्या ग्रेडची ही सरासरी, ४ पैकी. मूल वर्षभर राबतं, सगळीकडे 'ए' आणतं, आणि सरासरी जेमतेम हलते. त्याला वाटतं, आपलं सगळं वाया गेलं.

मोठ्या पातेल्यातली आमटी खारट झाली तर वाटीभर पाण्याने फरक पडत नाही, आणि हीच वाटी छोट्या कढईत घातली तर लगेच कळते. डिग्रीच्या चार वर्षांचे साधारण १२० क्रेडिट (विषयाच्या तासांवरून ठरणारं त्याचं वजन) असतात. समजा त्यांची सरासरी ३.१ आहे. पोस्ट-बॅकमध्ये ३२ क्रेडिट घेतले आणि सगळीकडे पैकीच्या पैकी, म्हणजे ४, मिळवले. नवी सरासरी होते ३.२९. ३.५ वर जायचं तर ९६ क्रेडिट, म्हणजे तीन पूर्ण वर्षं, एकही चूक न करता काढावी लागतील. हे शुद्ध गणित आहे, त्यात त्या मुलाच्या बुद्धीचा काही दोष नाही.

आता छोटी कढई. अर्ज करताना बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांची सरासरी वेगळी काढतात. समजा सायन्सचे ४० क्रेडिट होते आणि सरासरी २.९ होती. त्यात ३२ क्रेडिट ३.८ ने मिळवले, तर ती ३.३ होते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या कॉलेजांच्या सामायिक अर्जात, ज्याला 'एमकॅस' म्हणतात, पोस्ट-बॅकच्या ग्रेड वेगळ्या ओळीत दिसतात. वाचणाऱ्याला तिथे सरळ कळतं की मागे काय झालं आणि आता काय चाललंय. म्हणून एकूण सरासरीकडे रोज बघत बसू नये. नजर ठेवायची ती याच ओळीवर.

हेही माहीत हवं की एकच विषय पुन्हा केला तर जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजल्या जातात. पण सेमिस्टरच्या मध्ये विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर, 'डब्ल्यू' येतो आणि तो सरासरीत धरत नाहीत. प्रत्येक कॉलेजची विषय सोडण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. सेमिस्टरच्या पहिल्याच दिवशी ती लिहून ठेवावी. घरात आजारपण आलं, नोकरीत गडबड झाली, तर ओढूनताणून 'सी' मिळवण्यापेक्षा एखादा 'डब्ल्यू' बरा. असे चार-पाच झाले तर मात्र प्रश्न विचारले जातात.

## वाट पाहण्याचा ताण: इथे हातात फारसं काही नाही

अमेरिकेत मेडिकलचा अर्ज जूनच्या आसपास जातो. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक कॉलेज स्वतःचे निबंध मागवतं. मुलाखती शरद ऋतूपासून पुढच्या मार्चपर्यंत चालतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून पहिले होकार यायला लागतात, आणि वेटलिस्टवरचे काही होकार तर वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर येतात. अर्ज ते पहिला दिवस, या मध्ये वर्षाहून अधिक काळ जातो. पोस्ट-बॅकवाले या मधल्या वर्षाला 'ग्लाइड इयर' म्हणतात. काही कॉलेजांचा ठरावीक मेडिकल कॉलेजांशी करार असतो, त्याला 'लिंकेज' म्हणतात. ठरलेल्या ग्रेड आणि गुण मिळवले की हे वर्ष टळू शकतं. पण ती सोय थोड्यांनाच मिळते.

अलीकडे वर्षाला सुमारे ५२ हजार जण एमडीसाठी अर्ज करतात आणि सुमारे २३ हजार जणांना प्रवेश मिळतो. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांना त्या वर्षी नकार येतो, आणि त्यांत चांगले विद्यार्थी भरपूर असतात. एखादं कॉलेज शंभरातल्या तिघा-चौघांनाच घेतं असं वाचून छाती दडपते, पण प्रत्येकजण डझनभर कॉलेजांना अर्ज करतो, त्यामुळे एकेका कॉलेजचा आकडा आहे त्यापेक्षा भयाण दिसतो.

या काळात कष्टाळू माणूस काय करतो? दर दहा मिनिटांनी ईमेल बघतो, मागच्या वर्षी कोणाला कधी होकार आला ते शोधत रात्र घालवतो, गेलेला निबंध पुन्हा वाचून त्यात चुका काढतो. अडचणीवर काम चाललंय असं त्याला वाटतं, पण त्या अडचणीचं आता काहीही करता येणार नसतं. म्हणून इथे दुसरी रीत. ईमेल दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. पगाराचं किंवा जबाबदारीचं काम, ज्यात दिवस भरून जाईल. दवाखान्यात सहायकाचं, प्रयोगशाळेत, शाळेत शिकवण्याचं. घाम येईल असा व्यायाम. आणि अर्जाशी काही संबंध नसलेली निदान दोन माणसं, ज्यांच्याशी दुसऱ्याच गोष्टी बोलता येतील.

शिवाय, यश आलं नाही तर काय करायचं हे आधी कागदावर लिहून ठेवावं, तारखेसकट. 'मार्चअखेर एकही मुलाखत आली नाही तर अमुक माणसाचा सल्ला घेईन, जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा की नाही ते तेव्हा ठरवेन.' असं लिहिलं की तोच तोच विचार रोज रात्री नव्याने करावा लागत नाही.

## 'दुसरी वाट तयार ठेवली तर पहिलीसाठी जीव ओतणार कोण?'

हा आक्षेप आपल्या घरांत फार ऐकू येतो. पण दुसरी वाट ठाऊक असलेला माणूस पेपरला कमी घाबरतो, कारण त्या एका पेपरवर त्याचं सगळं आयुष्य टांगलेलं नसतं. आणि उंदरांचा प्रयोग आठवा: काम अवघड असेल तेव्हा धक्क्याचा जोर कमीच हवा.

इथेच 'डीओ' बद्दलही बोलायला हवं. अमेरिकेत एमडीच्या जोडीला डीओ ही ऑस्टिओपॅथीची पदवी आहे. डीओ झालेल्यांना पन्नासही राज्यांत एमडीइतकेच पूर्ण अधिकार आहेत: औषधं देणं, शस्त्रक्रिया करणं, सगळं. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यतेची पद्धतही एकच झाली आहे. तरी आपल्याकडे 'म्हणजे खरा डॉक्टर नाही का?' असं सहज विचारलं जातं. अर्जाच्या मोसमात हा प्रश्न त्या मुलीला किती लागतो, याची विचारणाऱ्याला कल्पना नसते. ज्याला माहिती नाही त्याने आधी माहिती घ्यावी आणि मगच बोलावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

## माणसांचा आणि पैशांचा ताण

अठ्ठाविसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या मुलांबरोबर प्रयोगशाळेत चष्मा लावून उभं राहणं सोपं नाही. परवापर्यंत हाताखाली माणसं होती, आज कोणीतरी टेस्ट ट्यूब कशी धरायची ते सांगतंय. बरोबरच्या मित्रांची लग्नं होतात, घरं होतात. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारतं, 'सध्या काय करतेस?', आणि उत्तर द्यायला तीन मिनिटं लागतात. खरं तर अमेरिकेत मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण आता डिग्रीनंतर वर्ष-दोन वर्षं थांबूनच येतात. उशीर झाला ही भावना खरी असली तरी आकडे तिच्या बाजूने नाहीत.

व्हिसावरच्या मराठी कुटुंबांचा ताण आणखी वेगळा आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, लहानपणापासून तिथे वाढलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की त्या व्हिसावर राहू शकत नाही. बहुतेकांना विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. शाळा तिथलीच, बोलणं तिथलंच, पण मेडिकलच्या अर्जात ते 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' ठरतं. अनेक मेडिकल कॉलेजं नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, आणि सरकारी कर्जही अशा मुलांना मिळत नाही. भारतात बीएस्सी किंवा बी.फार्म. करून लग्नानंतर तिथे गेलेल्या मुलींची अडचण अशी की एमकॅसकडे परदेशातल्या ग्रेडची पडताळणी होत नाही, आणि बहुतेक कॉलेजांना अमेरिकेतला किंवा कॅनडातला अभ्यास हवा असतो. (भारतात एमबीबीएस झालेल्यांचा रस्ता निराळा आहे. ते परवान्याच्या परीक्षा देऊन थेट रेसिडेन्सीसाठी अर्ज करतात, त्यांना पोस्ट-बॅक लागत नाही.)

यातल्या कोणालाही 'मन खंबीर ठेव' हा सल्ला उपयोगाचा नाही. त्यांना हवी ती यादी: कोणती कॉलेजं आपल्या व्हिसावर घेतात, कोणती भारतीय डिग्री मान्य करतात, कोणती आगाऊ पैसे दाखवायला सांगतात. ही यादी फी भरण्याच्या आधी, प्रत्येक कॉलेजला पत्र लिहून तयार करावी. ज्या दारातून आपल्याला आत घेणारच नाहीत, तिथे दोन वर्षं उभं राहण्यासारखा दुसरा ताण नाही.

पैशांचंही तसंच. पोस्ट-बॅकचा खर्च, अर्जांची फी, मुलाखतींचे प्रवास आणि कर्जाची नवी मर्यादा, हे सगळं एका पानावर आई-वडिलांसमोर किंवा नवऱ्या-बायकोने एकत्र बसून मांडावं. मनात ठेवलेला आकडा रात्री वाढतच जातो.

## 'काउन्सेलरकडे गेलं तर पुढे नोंद आडवी येणार नाही ना?'

ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळे अनेकजण मदत घेत नाहीत. काउन्सेलरकडे गेल्याची नोंद ट्रान्सक्रिप्टवर येत नाही, आणि एमकॅसच्या अर्जात मानसिक उपचारांविषयी प्रश्न नसतो. उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पुढे डॉक्टरकीचा परवाना घेताना काही राज्यांच्या अर्जांत आरोग्याचे प्रश्न असतात, पण आता अनेक राज्यांनी ते बदलले आहेत. 'पूर्वी कधी उपचार घेतले का' असं विचारण्याऐवजी 'सध्या काम करण्यात अडथळा येतो का' एवढंच विचारतात. २०२२ च्या मार्चमध्ये तर अमेरिकेने आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र कायदा केला, लॉर्ना ब्रीन या न्यू यॉर्कच्या डॉक्टरच्या नावाने.

एक व्यावहारिक गोष्ट: संध्याकाळी एक-दोनच विषय घेणाऱ्या पोस्ट-बॅक विद्यार्थ्यांना काही कॉलेजांत काउन्सेलिंग आपोआप मिळत नाही, त्यासाठी आरोग्याची फी वेगळी भरावी लागते. हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच विचारून घ्यावं. गरज पडेल त्या रात्री हे शोधायची ताकद नसते.

गरज पडली हे कसं ओळखायचं? परीक्षा संपली तरी झोप परत येत नाही, आवडीचं काही करावंसं वाटत नाही, खाणं बिघडतं, रडू येतं किंवा सगळं सुन्न वाटतं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालतं, तेव्हा तो नुसता अभ्यासाचा ताण राहिलेला नसतो. जगणंच नको वाटायला लागलं तर क्षणभरही थांबू नये. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो. हा क्रमांक जुलै २०२२ पासून सुरू आहे. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि इकडून फोन करणाऱ्यांसाठी: 'निकाल लागला का?' हा प्रश्न ऑक्टोबर ते मे मध्ये शक्यतो विचारू नका. लागला की ती स्वतःच, मध्यरात्रसुद्धा न बघता, फोन करेल. त्याऐवजी काय जेवलीस, किती झोपलीस, रविवारी कोणाला भेटलीस हे विचारा. उत्तरांत सलग दोन-तीन आठवडे 'काही नाही', 'कोणी नाही' असं यायला लागलं तर जवळ राहणाऱ्या कोणालातरी तिच्याकडे पाठवा.

## मध्येच थांबावंसं वाटलं तर?

एमकॅटचे गुण बहुतेक कॉलेजं दोन ते तीन वर्षांपर्यंत ग्राह्य धरतात. ग्रेड तर कायमच्या असतात. म्हणजे एखादं वर्ष थांबलं, आजारी वडिलांसाठी घरी राहिलं, किंवा फक्त पैसे साठवायला नोकरी केली, तरी केलेलं वाया जात नाही. एखाद्या वाईट रात्री सगळं सोडायचा निर्णय घेण्याची गरज नसते, कारण तो निर्णय सहा महिन्यांनी घेतला तरी चालतो.

आणि डॉक्टर व्हायचंच नाही असं शांतपणे ठरलं, तरी हेच विषय दुसरीकडे उपयोगी पडतात. फिजिशियन असिस्टंटच्या (डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासून उपचार करणाऱ्याच्या) अभ्यासक्रमाला जवळपास हेच सायन्स लागतं. जेनेटिक काउन्सेलिंगची मास्टर्स पदवी साधारण दोन वर्षांची असते आणि तिला बायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स हवंच असतं. ज्यांची आधीची डिग्री दुसऱ्या विषयातली आहे, त्यांच्यासाठी नर्सिंगचे वर्ष-दीड वर्षाचे वेगवान अभ्यासक्रम आहेत. सार्वजनिक आरोग्य आहे. कोणत्या विषयाचे क्रेडिट कुठे चालतात हे ज्या त्या कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात एका ईमेलवर कळतं, आणि ते ईमेल लिहायला पोस्ट-बॅक संपायची वाट बघावी लागत नाही.